वाढत्या अंगाचं माप

खाऱ्या पाण्याच्या मत्स्यटाकीखालच्या कपाटात आज जो प्रोटीन स्किमर चालतो तो माझा तिसरा. पहिले दोन मी चुकीचे निवडले. पहिला लहान पडला, दुसरा मोठा झाला. त्या दोन चुकांत चार मासे, दोन कोळंब्या आणि तीन वर्षं वाढलेलं एक प्रवाळ गेलं, खालच्या मजल्यावरच्या कुटुंबाचं छत खराब झालं. पैशाचा हिशेब वेगळाच. पण मला आजही लागतं ते दुसऱ्याच कारणानं. ज्या गोष्टीत मी चुकलो ती माझ्या पोटापाण्याच्या विद्येतली होती. तीस वर्षं मी सांडपाणी शुद्धीकरणाच्या प्रकल्पांवर काम केलं. घाण पाण्यातून काय काढायचं, किती काढायचं आणि त्यासाठी यंत्र केवढं लागेल, हे ठरवण्याचा मला पगार मिळत होता.

मी मूळचा कोल्हापूरकडचा. समुद्र पहिल्यांदा पाहिला तो शाळेच्या सहलीत, १९६७ साली मुंबईत, आणि त्याच दिवशी मरीन ड्राइव्हवरचं तारापोरवाला मत्स्यालयही. काचेपलीकडे एक मासा माझ्यासमोर येऊन थांबला होता. गुरुजींनी हाताला धरून ओढेपर्यंत मी तिथून हललो नाही. पुढे नोकरी, ठाण्यात घर, मुलीचं शिक्षण यांत ते सगळं मागे पडलं. मुलगी लग्न होऊन गेली आणि २०११ साली मी दिवाणखान्यात चार फूट लांबीची टाकी बसवली. अठ्ठेचाळीस इंच लांब, अठरा रुंद, वीस उंच. खाली सम्प, म्हणजे पाणी गाळायची आणि यंत्रं ठेवायची दुसरी टाकी. वाळू-दगडांनी व्यापलेली जागा वजा केली तर वरचं-खालचं मिळून पाणी जवळपास ३०० लिटर.

आपल्याकडे दगडी प्रवाळ, समुद्रपंखे आणि काळं प्रवाळ हे २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात आहेत. वाघाला जे संरक्षण तेच त्यांना. आमची सौ. मालवणची. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपासच्या पाण्यात आपल्या महाराष्ट्राचं स्वतःचं प्रवाळ जिवंत आहे, ते मी तिच्या माहेरी गेल्यावर पाहिलं होतं. ते तिथंच राहावं असं मनापासून वाटतं. म्हणून मी फक्त मऊ प्रवाळ ठेवलं: एक लेदर कोरल, थोडे झोअँथस, थोडे मशरूम. दगडसुद्धा घरीच केले, सिमेंटमध्ये शिंपल्यांचा चुरा मिसळून. सिमेंटचा चुना उतरावा म्हणून सहा आठवडे ते बाल्कनीत पिंपात भिजत होते आणि रोज मी पाणी बदलत होतो. एवढी चिकाटी मी दगडांसाठी दाखवली. स्किमर मात्र एका दुपारी, खोक्यावरचा आकडा वाचून घेतला.

स्किमर म्हणजे काय, हे मी आमच्या गावाकडच्या माणसांना गुऱ्हाळाच्या भाषेत सांगतो. काहिलीत उसाचा रस उकळायला लागला की वर मळी येते. गुळव्या ती झाऱ्यानं काढत राहतो, भेंडीचा चिकट रस घालून ती आणखी सुटी करतो. काढायची राहिली तर गूळ काळा पडतो. समुद्राच्या टाकीतही माशांची विष्ठा, उरलेलं अन्न, प्रवाळानं सोडलेला चिकट पदार्थ हे सगळं पाण्यात विरघळत राहतं. यातल्या बऱ्याच रेणूंचं एक टोक पाण्याशी जमवून घेतं आणि दुसरं पाण्यापासून दूर पळतं. अशा रेणूंना हवेचा बुडबुडा सापडला की ते त्याच्या अंगाला चिकटतात. स्किमरच्या नळकांड्यात पंप हवेचे लाखो बारीक बुडबुडे सोडतो, त्यांचा फेस अरुंद गळ्यातून वर चढतो, चढताना त्यातलं पाणी निथळून खाली येतं आणि उरलेली घट्ट घाण वरच्या कपात पडते. गोड्या पाण्यात बुडबुडे एकमेकांत मिसळून मोठे होतात आणि पटकन फुटतात. मिठाच्या पाण्यात ते बारीकच राहतात, म्हणून हे यंत्र समुद्राच्या पाण्यातच नीट चालतं. पावसाळ्यात मालवणच्या चिवला किनाऱ्यावर पिवळट फेसाचे पुंजके वाऱ्यानं लोळताना सौ.नं लहानपणापासून पाहिले होते. समुद्र स्वतःच स्वतःची मळी काढत असतो, असं तिला समजावलं तेव्हा ती म्हणाली, "मग तुमच्या टाकीला वारा कोण देणार?" स्किमरचं यापेक्षा चांगलं वर्णन मला अजून सापडलेलं नाही.

पहिल्या स्किमरच्या खोक्यावर लिहिलं होतं: ३०० लिटरपर्यंत. माझं पाणी ३०० लिटर. प्रश्न मिटला, असं मी समजलो.

दोन क्लाउनफिश, एक पिवळा टँग, पाच हिरवे क्रोमिस आणि वाळू उपसत राहणारा एक गोबी, असे नऊ मासे होते. खायला दिवसातून तीनदा. सकाळी मी, दुपारी सौ., रात्री पुन्हा मी, आणि रात्री गोठवलेलं मायसिस. रोज सकाळी कप काठोकाठ भरलेला असे. काळं, दाट, ज्याच्या वासानं बाथरूमचा दरवाजा लावून घ्यावा लागे असं पाणी. घरी आलेल्या माणसाला मी तो कप उचलून दाखवायचो. यंत्र किती काम करतंय बघा, म्हणायचो. यंत्र जेवढं काढत होतं तेवढं मला दिसत होतं. जे काढायचं राहत होतं ते दिसत नव्हतं. कामावर एखाद्या कनिष्ठ अभियंत्यानं नुसती काढलेल्या गाळाची ट्रॉली दाखवून प्रकल्प उत्तम चालतोय असं सांगितलं असतं, तर बाहेर जाणाऱ्या पाण्याचा अहवाल आण म्हणून मी त्याला परत पाठवलं असतं.

बाहेर जाणाऱ्या पाण्याचा अहवाल इथं नायट्रेटची चाचणी देत होती. पहिल्या वर्षाच्या अखेरीला १०, नंतर २५, नंतर ४०, आणि दोन वर्षांनी ६० पीपीएम. दगडांवर हिरव्या केसांसारखं शेवाळ वाढलं. रविवारी आम्ही दोघं जुने टूथब्रश घेऊन ते घासायचो. झोअँथसवर शेवाळाचं पांघरूण चढलं आणि त्यांनी उघडणं सोडून दिलं. दर आठवड्याला मी ३० लिटर पाणी बदलत होतो, पुढे ४५. मिठाच्या बादल्या भराभर संपत होत्या. स्किमर लहान आहे, हे ऐकवणारे दोन-तीन शौकीन भेटले. खोक्यावर ३०० लिहिलंय, हे माझं उत्तर तयार असे. तो ३०० चा आकडा विरळ मासे आणि बेताचं खाणं असलेल्या टाकीसाठी असतो आणि भरल्या टाकीला तो साधारण निम्मा धरावा, हे माहितीपत्रकात खाली बारीक अक्षरांत छापलेलं होतं. ते मी पुढे कितीतरी महिन्यांनी वाचलं.

दरम्यान मी एक वेगळी वाट धरली. टाकीत थोडी साखर घालायची, तिच्यावर जिवाणू वाढतात, वाढताना पाण्यातलं नायट्रेट आणि फॉस्फेट ओढून घेतात आणि मग ते जिवाणू स्किमर बाहेर काढतो. पद्धत खरी आहे, बरेच लोक ती जपून वापरतात. तिचा शेवटचा टप्पा स्किमरचा आहे. तो माझ्याकडे आधीच कमजोर होता, आणि मी त्याच्यावर आणखी ओझं टाकत होतो. सुरुवातीला चिमूटभर घालत होतो. दहा दिवस झाले, नायट्रेट हललं नाही. २०१३ च्या ऑक्टोबरातली एक रात्र. उकाडा होता, कामावरून मी वैतागून आलो होतो, चाचणीच्या नळीतला गुलाबी रंग तसाच गडद होता. मी त्या रात्री तिप्पट साखर घातली.

पहाटे साडेपाचला सौ.नं हलवून उठवलं. "अहो, उठा. मासे सगळे वर आलेत."

पाणी तांदळाच्या धुवणासारखं पांढरं झालं होतं. पलीकडची भिंत दिसत नव्हती. पृष्ठभागाशी नऊच्या नऊ तोंडं उघडमीट करत होती. जिवाणू एका रात्रीत भरमसाट वाढले होते आणि पाण्यातला प्राणवायू माशांच्या आधी तेच ओढून घेत होते. आधीच गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो. स्किमर फक्त घाण काढत नाही, तो पाण्यात हवाही घालतो. पण एवढ्याशा पंपाची हवा त्या पहाटे कुठं पुरणार? मी लाटा करणाऱ्या पंपाचं तोंड वर वळवलं, बॅटरीवरचा हवेचा पंप लावला, घरात होतं तेवढं ६० लिटर तयार पाणी बदललं. दहा वाजेपर्यंत पिवळा टँग आणि तीन क्रोमिस गेले. टँगचा रंग मेल्यावर काही वेळ तसाच राहिला, आणि सौ. तेवढ्यासाठी तो जिवंत आहे असं समजत होती. मी त्या दिवशी रजा टाकली. तो मासा आमच्याकडे दोन वर्षं होता, सकाळी काचेशी येऊन थांबायचा. १९६७ मधला मासा थांबला होता तसाच.

यातून मी शिकलो ते अर्धवट शिकलो. स्किमर लहान होता, एवढं बरोबर शिकलो. आता असा घ्यायचा की हा प्रश्नच पुन्हा यायला नको, हे चुकीचं.

आमच्या लहानपणी शाळेचा गणवेश वाढत्या अंगाचा शिवत. आई शिंप्याला सांगायची, दोन वर्षं तरी चालला पाहिजे. बाह्या दुमडून घालायच्या, चड्डीला पट्टा आवळायचा, पण कपडा लहान पडता कामा नये. तुटपुंज्या पगाराच्या घरात ते शहाणपणच होतं. ते माझ्या अंगात इतकं मुरलं होतं की पंप असो, पाइप असो, पातेलं असो, शंका आली की मी एक माप वरचं घ्यायचो. त्या डिसेंबरात मी मुंबईतल्या दुकानात गेलो आणि १००० लिटरचा स्किमर मागितला. दुकानदारानं विचारलं, "मासे किती?" पाच, मी म्हणालो. "साहेब, मग एवढा मोठा कशाला?" स्वस्तातला गळ्यात मारायचा त्याचा विचार नव्हता, महागडा न घ्यायचा सल्ला तो देत होता. चार मासे गमावलेल्या माणसाला हा प्रश्न क्षुल्लक वाटला. ३८,००० रुपये मोजून मी तो घरी आणला.

सम्पमध्ये तो जेमतेम मावला. जुन्याचा गळा तीन इंची होता, याचा पाच इंची. व्यासात फरक दोनच इंचांचा, पण क्षेत्रफळ पावणेतीनपट. फेस गळ्यात टिकून वर चढायचा तर बुडबुड्यांच्या अंगावर चिकट पदार्थांचं पुरेसं अस्तर लागतं. तेवढाच माल पावणेतीनपट रुंद गळ्यात पसरला की अस्तर पातळ होतं आणि बुडबुडे काठाशी पोचण्याआधीच फुटतात. माझ्याकडे तर माल आधीपेक्षाही कमी होता. मासे नऊवरून पाच झाले होते, आणि ऑक्टोबरच्या धसक्यानं मी खाणं दिवसातून एकदाच घालत होतो.

कप रिकामा राहिला. नवा स्किमर रुळायला एक-दोन आठवडे लागतात, कारखान्यातलं तेलकटपण धुऊन जावं लागतं, आतल्या भिंतींवर पातळ थर बसावा लागतो, हे मला माहीत होतं. म्हणून दोन आठवडे वाट पाहिली. मग आणखी दोन. फेस गळ्याच्या मध्यापर्यंत यायचा, भिंतीला तपकिरी थर लावायचा आणि बसायचा. मधूनच चार-पाच दिवसांनी, काही कारण न दिसता, एका रात्रीत उसळायचा आणि पुन्हा शांत. आणि मी समाधानी होतो! काढायला काही उरलंच नाही, इतकं पाणी स्वच्छ झालं, असा अर्थ मी लावला. आधी भरलेला कप पाहून जसा फसलो होतो तसाच आता रिकामा कप पाहून. नायट्रेट मात्र ३० वर अडून बसलं होतं.

शेवटी मी बाहेर जाणाऱ्या पाण्याची झडप आवळली. ती आवळली की नळकांड्यातली पाण्याची पातळी चढते आणि फेस ओला असतानाच कपात पडतो. पडायला लागलं. फिक्या चहासारखं, जवळजवळ टाकीचंच पाणी. कपाला खालून नळी जोडून ती २० लिटरच्या कॅनमध्ये सोडली. झडप किती आवळावी याचा बेत बसत नव्हता: जरा सैल केली की काही नाही, जरा आवळली की पाणीच पाणी. योग्य मापाच्या स्किमरला या दोन टोकांच्या मधे भरपूर जागा असते. माझ्या स्किमरला केसाएवढी होती, आणि मी तिच्यावर महिनोन्‌महिने तो चालवला.

२०१४ च्या मे महिन्यात मालवणला सौ.च्या भाचीचं लग्न होतं. निघण्याच्या आदल्या संध्याकाळी मी लेदर कोरलचे दोन तुकडे कापून एपॉक्सीच्या पुट्टीनं दगडावर बसवले. ताजी पुट्टी पाण्यात गेली की स्किमर काही काळ वेड्यासारखा फेसाळतो, म्हणून तो बंद ठेवायचा, हे मला पाठ होतं. मी बंद केलाही.

पहाटे चारला उठलो. बॅगा दाराशी, खाली रिक्षा उभी. मी टाकीसमोर उभा राहिलो आणि ऑक्टोबरची पहाट आठवली. तीन दिवस, उन्हाळा, स्किमर बंद, हवा कमी. मी स्किमर चालू केला. पाच मिनिटं पाहिलं. फेस नेहमीसारखा खालीच होता. या कपातून पाच महिन्यांत कधी धो-धो वाहिलं नव्हतं, मग आज कशाला वाहील? ठाण्याच्या उन्हाळ्यात आमच्या टाकीतलं दिवसाला पाच लिटर पाणी वाफेनं उडतं. ते भरून काढायला सम्पशेजारी आरओच्या गोड्या पाण्याचा ड्रम होता, ८० लिटरचा, निळा. सम्पची पातळी खाली गेली की तरंगता गोळा झडप उघडतो आणि तेवढं गोडं पाणी आत येतं. तो ड्रम मी काठोकाठ भरला, कमी पडायला नको म्हणून. त्या पहाटे मी केलेली प्रत्येक गोष्ट काळजीपोटी होती. चालू केलेला स्किमर, भरलेला ड्रम, आवळून ठेवलेली झडप. एकेकटी पाहिली तर कशातच काही वावगं नव्हतं. सौ. लिफ्टपाशी उभी राहून हाक मारत होती, आणि मी दार लावून घेतलं.

फोन आला तो तिसऱ्या दिवशी, कुडाळहून परतीच्या गाडीत बसल्यावर. खालच्या मजल्यावरच्या वहिनी. "काका, आमच्या हॉलच्या छतातून पाणी टपकतंय. खारट लागतंय." मधे बोगदे येत होते, बोलणं तुटत होतं. खारट म्हटल्यावर मला सगळं कळलं. उरलेले सात तास मी खिडकीबाहेर काय पाहिलं ते मला आठवत नाही.

घडलं ते असं. पुट्टीमुळे स्किमर उसळला आणि आवळलेल्या झडपेमुळे फेसाऐवजी पाणीच बाहेर फेकू लागला. २० लिटरचा कॅन भरला, पुढचं फरशीवर. सम्पची पातळी खाली गेली. गोळ्याला वाटलं पाणी उडालं, त्यानं गोडं पाणी आत घेतलं. पातळी सावरली, स्किमरनं पुन्हा बाहेर फेकलं. खारं बाहेर, गोडं आत, ड्रम संपेपर्यंत. ड्रम संपल्यावरच पातळी उतरली आणि स्किमर आपोआप शांत झाला. ३०० लिटर पाण्यात ८० लिटरची अशी अदलाबदल. रिफ्रॅक्टोमीटर लावला तेव्हा हजारी ३५ चा खारेपणा २७ वर आला होता.

मासे पाचही जिवंत होते. मासा आपल्या शरीरातलं मिठाचं प्रमाण स्वतः सांभाळतो, काही काळ तरी. कोळंबी, शंख, प्रवाळ यांना ती सोय नाही. बाहेरचं पाणी जसं, तसं आतलं होत जातं. माशांच्या अंगावरचे किडे टिपणाऱ्या दोन तांबड्या-पांढऱ्या कोळंब्या वाळूवर पडलेल्या होत्या. लेदर कोरल देठावर वाकलं होतं. दिवाणखान्याच्या फरशीवर मिठाचा पांढरा थर होता, आणि सागवानी कपाटाचे पाय फुगले होते.

याच्यापुढची चूक मी बरेच दिवस कुणाला सांगितली नव्हती. खारेपणा उतरला की तो सावकाश, दिवसाला एखाद्या अंकानं चढवायचा असतो. मला हे माहीत होतं. पण ते वाकलेलं प्रवाळ माझ्यानं बघवलं नाही. मी त्या रात्री दोन बादल्या घट्ट खारं पाणी कालवलं आणि सकाळपर्यंत खारेपणा ३३ वर नेला. जे प्रवाळ तीन दिवसांत खाली उतरायला कसंबसं सरावलं होतं, त्याला मी एका रात्रीत वर ओढलं. चौथ्या दिवशी ते देठापासून कुजायला लागलं. कुजलेला भाग कापून काढताना हातात फक्त बोटाएवढा एक तुकडा घट्ट उरला. तो मी जपला.

खालच्या वहिनींचं छत रंगवून दिलं. त्यांच्या लेकाच्या अभ्यासाचं टेबल त्या टपकणाऱ्या पाण्याखाली होतं, त्याच्या वह्या भिजल्या होत्या. मी नव्या वह्या घेऊन गेलो तेव्हा तो मुलगा म्हणाला, "काका, मासे ठीक आहेत ना?" मला काही बोलता आलं नाही.

आठवड्यानं मी कार्यालयात एका अहवालावर सही करत होतो. घोडबंदर रस्त्याकडच्या एका नव्या गृहसंकुलाचा सांडपाणी प्रकल्प. ४०० घरांसाठी बांधलेला, राहायला आलेली घरं ९०. प्रकल्पातले जिवाणू उपाशी होते, गाळ धरत नव्हता, पाणी गढूळ बाहेर पडत होतं. माझ्याच अक्षरात शेरा होता: क्षमता पुरेशी असून सेंद्रिय भार नसल्याने प्रक्रिया अस्थिर. मी पेन खाली ठेवला. कुठलाही प्रकल्प हातात आला की टाकी केवढी हे आम्ही दुसऱ्यांदा विचारतो. पहिला प्रश्न असतो, दिवसाला भार किती येणार, किलोत. तो प्रश्न मी घरी तीन वर्षांत एकदाही विचारला नव्हता. स्किमर एकदा लिटर बघून घेतला, एकदा भीती बघून. दुकानदारानं मात्र बरोबर तोच प्रश्न विचारला होता.

त्यानंतर महिनाभर मी स्किमर विकत घेतला नाही. मोठा होता तोच झडप सैल सोडून, फक्त हवेसाठी चालवला आणि माशांचं खाणं वजन करून लिहीत गेलो. सोनाराकडे असतो तसा बारीक काटा आणला. सरासरी दिवसाला पाच ग्रॅम गोठवलेलं आणि अर्धा ग्रॅम सुकं. सात माशांपलीकडे जायचं नाही हे आम्ही दोघांनी ठरवलं, तेव्हा पुढचा भारही ठरला. त्याच काळात पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठातले रसायनशास्त्रज्ञ केन फेल्डमन यांनी २००९ च्या सुमाराला केलेली मोजमापं वाचनात आली. त्यांनी स्किमर लावून पाण्यातला सेंद्रिय कार्बन प्रत्यक्ष मोजला होता. स्किमर त्यातला साधारण २० ते ३५ टक्के भागच काढू शकतो. उरलेलं बुडबुड्यांना चिकटतच नाही, यंत्र कितीही मोठं असो. ते वाचून मी बराच वेळ बसून राहिलो. १००० लिटरच्या स्किमरकडून मी जी अपेक्षा केली होती ती कुठल्याच स्किमरकडून पुरी होणारी नव्हती. उरलेलं काम पाणी बदलणं, सक्रिय कार्बन आणि हात आखडून खाणं घालणं यांचं होतं.

तिसरा स्किमर जुनाच घेतला, शहर सोडून चाललेल्या एका शौकिनाकडून. गळा साडेतीन इंची. कंपनीच्या हिशेबानं विरळ टाकीला ४५०, भरल्या टाकीला २५० लिटर. माझी टाकी या दोन्हींच्या मधली. बसवण्याआधी त्याला पाण्याची किती पातळी मानवते ते वाचलं आणि सम्पमध्ये त्याच्यासाठी वेगळा कप्पा केला, पाणी नेहमी साडेसात इंचांवर राहील असा. दहाव्या दिवशी फेस गळ्याच्या काठाशी येऊन थांबला आणि थेंबाथेंबानं कपात पडू लागला. आता दर तिसऱ्या दिवशी कप अर्धा भरतो, काळ्या चहाच्या रंगाचं पाणी. झडप मी गेल्या कित्येक महिन्यांत हलवलेली नाही. नायट्रेट पाच ते दहाच्या मधे असतं.

निळा ड्रम मी देऊन टाकला. आता गोड्या पाण्याला १५ लिटरचा कॅन आहे. तीन दिवसांत रिकामा होतो, आणि गावाला जायचं झालं की खालच्या वहिनींचा तोच मुलगा येऊन भरतो. तो आता कॉलेजात आहे. हिशेब करून पाहिला आहे: सगळाच्या सगळा कॅन एका रात्रीत टाकीत गेला तरी खारेपणा ३३ च्या खाली जात नाही. कपाच्या कॅनमध्ये एक तरंगता स्विच बसवला आहे, कॅन भरला की स्किमर बंद पडतो. बोटाएवढा उरलेला तो तुकडा आता वीतभर रुंद झाला आहे. कोळंब्या आणायला मात्र मला दोन वर्षं लागली. आणल्या त्या संध्याकाळी सौ.नं आधी रिफ्रॅक्टोमीटर माझ्या हातात दिला, आकडा स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला आणि मग पिशवीची गाठ सोडली.